पिलांची ऊब

वैराग हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यात, सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. हा सारा मुलूख उन्हासाठी प्रसिद्ध. वैशाखातील येथील ऊन ज्याने सोसले आहे, त्याला या गावाच्या संदर्भात थंडीची गोष्ट काढली तर हसूच येईल. परंतु मार्गशीर्ष आणि पौष या महिन्यांत शाळूच्या शेतात जो रात्री राखणीला बसतो, त्याला थंडी म्हणजे काय हे कोणी सांगावे लागत नाही. दुपारी पारा ३० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि पहाटे तो १५ अंशांच्या आसपास उतरतो. थंडीची लाट आली, तर तो १० अंशांच्या जवळही येतो.

एकाच दिवसात एवढा फरक का पडतो? या प्रदेशापासून समुद्र दूर आहे आणि हिवाळ्यात येथील हवा कोरडी असते. हवेतील बाष्प आणि आकाशातील ढग ही पृथ्वीची पांघरुणे होत. रात्री जमिनीतून निघणारी उष्णता ती अडवून धरतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, बाष्पही थोडे असते. साहजिकच दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे भराभर सोडून देते. ही क्रिया रात्रभर चालते, म्हणून सर्वांत कडक थंडी मध्यरात्री नसते, ती सूर्योदयाच्या सुमारास असते.

नेमक्या याच दिवसांत गावातील गोठ्यांमध्ये नवे पाहुणे येतात. वैरागच्या पूर्वेस धाराशिव जिल्हा आहे. या जिल्ह्याच्या जुन्या नावावरून ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी या भागात घरोघर दिसते. तिचा रंग बहुधा काळा असतो आणि एका वेळी दोन करडे होणे तिच्या बाबतीत नवलाचे नाही. पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक मिळतो, तेव्हा शेळ्या गाभण राहतात. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा असतो. आषाढ-श्रावणात गाभण राहिलेली शेळी त्यामुळे ऐन थंडीत विते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. ज्या कुटुंबाला शेतीचा मोठा आधार नाही, त्याला दोन करडे म्हणजे वर्षाच्या अडचणीची तरतूद असते. मुलांची वह्यापुस्तके, घरातील औषधपाणी यांचा खर्च पुष्कळदा शेळीच्या जिवावर निघतो. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री करडू तगले, की अर्धी लढाई जिंकली असे समजावे.

करडाला थंडीचे एवढे भय का असते, हे समजण्यासाठी प्राण्यांच्या शरीरातील उष्णतेचा विचार केला पाहिजे. माणूस, शेळी, कोंबडी हे उष्ण रक्ताचे प्राणी होत. बाहेर ऊन असो वा थंडी असो, त्यांच्या शरीराचे तापमान जवळजवळ स्थिर राहते. माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश, शेळीचे सुमारे ३९ अंश आणि मोठ्या कोंबडीचे सुमारे ४१ अंश असते. ही उष्णता अन्नातून निर्माण होते. चुलीत लाकूड जळते तेव्हा त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि उष्णता बाहेर पडते. शरीरातही अन्नाचा प्राणवायूशी संयोग होतो. मात्र तो सावकाश होतो, त्यात ज्वाळा नसतात आणि धूरही नसतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनी एका लहानशा प्राण्याच्या साहाय्याने दाखवून दिली. त्या प्राण्याचे नाव गिनीपिग. त्याचा गिनी देशाशी संबंध नाही आणि डुकराशीही नाही. तो उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी असून त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश हे आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिस येथे अन्त्वान लाव्हाझिए आणि पिएर लाप्लास या दोन फ्रेंच विद्वानांनी एक पात्र तयार केले. पात्राच्या मध्यभागी जाळीची टोपली होती आणि तिच्याभोवती बर्फ भरलेले होते. खोलीतील उष्णतेने हे बर्फ वितळू नये, म्हणून त्याच्याही बाहेर बर्फाचा दुसरा थर होता. टोपलीत गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगातील उष्णतेने आतील बर्फ वितळू लागले आणि त्याचे पाणी खाली एका भांड्यात जमा झाले. दहा तासांत सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळले. तेवढ्या उष्णतेने दोन पेले पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता आले असते! त्यानंतर त्यांनी त्या प्राण्याच्या श्वासातून बाहेर पडणारा वायू मोजला आणि कोळसा जळताना निघणारा वायू व उष्णता यांच्याशी त्याची तुलना केली. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन होय, हा निष्कर्ष त्यांनी यातून काढला.

अशी शेगडी प्रत्येक प्राण्याच्या शरीरात पेटलेली असते. मग मोठी शेळी थंडीत निवांत रवंथ करते आणि तिचे करडू मात्र कुडकुडते, हे कसे? याचे पहिले कारण आकारात आहे. लाकडाचे दोन घन घ्यावेत. एकाची बाजू १ सेंटिमीटर, दुसऱ्याची २ सेंटिमीटर. लहान घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर भरते. मोठ्याचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ ८ घन सेंटिमीटर भरते. म्हणजे लहान घनात प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग उघडा असतो, मोठ्यात तो ३ चौरस सेंटिमीटरच असतो. उष्णता शरीराच्या आत निर्माण होते आणि पृष्ठभागातून बाहेर जाते. जीव जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक, आणि तितकी त्याची उष्णता लवकर निघून जाते. पातेल्यातील आमटी बराच वेळ ऊन राहते आणि वाटीतील लवकर निवते, त्याचेही कारण हेच.

दुसरे कारण सरपणाचे. मोठ्या शेळीच्या पोटात कडबा आणि पाला आंबत असतो. त्या आंबण्यातूनही उष्णता निर्माण होते, म्हणून पोटभर चारा खाल्लेल्या शेळीला जणू आतूनच शेक मिळतो. नवजात करडाचे पोट चारा पचवण्याजोगे झालेले नसते. जन्मतः त्याच्या शरीरात तपकिरी रंगाची एक विशेष चरबी असते, ती जाळून ते पहिले काही तास ऊब निर्माण करते. परंतु हा साठा लवकर संपतो. त्यानंतर दूध हेच त्याचे सरपण.

तिसरे कारण ओलाव्याचे आहे, आणि तेच सर्वांत घातक होय. करडू जन्मते तेव्हा त्याचे अंग भिजलेले असते. हे पाणी वाळते म्हणजे त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते करडाच्या अंगातूनच घेते. बर्फाइतके गार पाणी उकळीपर्यंत तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होताना खर्ची पडते. न्हाऊन ओल्या अंगाने वाऱ्यावर उभे राहिले की उन्हाळ्यातही शहारा येतो. मग पौषातल्या पहाटे अडीच किलो वजनाच्या ओल्या करडाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

शरीरातील उष्णता बाहेर जाण्याच्या वाटा चार आहेत. गार जमिनीला अंग टेकले की उष्णता जमिनीत जाते, याला वहन म्हणतात. वारा लागला की अंगाभोवतीची ऊन हवा निघून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते, हे अभिसरण. काहीही स्पर्श न करता उष्णता थंड भिंतींकडे व आकाशाकडे निघून जाते, हे प्रारण. आणि ओले अंग वाळताना उष्णता जाते, हे बाष्पीभवन. पिलाला ऊब द्यायची म्हणजे या चारही वाटा अडवायच्या. गावातील जाणत्या बाया ही नावे घेत नाहीत, परंतु त्यांच्या प्रत्येक कृतीत या चार वाटांचे भान असते.

करडू जन्मताच शेळी त्याला चाटू लागते. त्या चाटण्याने त्याचे अंग कोरडे होते आणि रक्ताभिसरणालाही चालना मिळते. दोन-तीन करडे झाली असतील किंवा शेळी थकली असेल, तर घरातील माणसाने कोरड्या फडक्याने अथवा स्वच्छ गोणपाटाने करडाला हलक्या हाताने पुसून काढावे. बाष्पीभवनाची वाट येथे बंद होते.

मग जमिनीचा विचार. शहाबादी फरशी उन्हाळ्यात सुखाची, परंतु हिवाळ्यात ती उष्णता शोषून घेते. करडाला तिच्यावर कधीही उघडे ठेवू नये. खाली लाकडी फळी किंवा गोणपाट घालून त्यावर वाळलेले गवत, गव्हाचे काड अथवा भुसकट यांचा वीतभर जाड थर पसरावा. ही ऊब गवताची नसते, गवतात अडकलेल्या हवेची असते. हवा उष्णतेची दुर्वाहक आहे आणि ती स्थिर राहिली तर तिच्यासारखे पांघरूण नाही. घोंगडीही याच तत्त्वावर ऊब देते. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीत हवेचे असंख्य लहान कप्पे तयार होतात. मात्र गवत ओले झाले की कप्प्यांतील हवेची जागा पाणी घेते आणि अंथरुणाचा सारा गुण नाहीसा होतो. म्हणून मुताने भिजलेले गवत रोज काढून तेथे कोरडे घालणे, हे थंडीतील पहिले कर्तव्य होय.

वारा अडवणे हे त्यानंतरचे काम. गोठ्याच्या ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूला पोत्यांचा पडदा लावावा. परंतु गोठा चहूंकडून कोंदून टाकू नये. जनावरांच्या श्वासातील बाष्प आणि मुतातून निघणारा उग्र वायू आत साचला, तर पिलांना फुप्फुसाचे विकार होतात. करडाच्या अंगावर वारा येऊ नये आणि छपराखालच्या झरोक्यातून दूषित हवा निघून जावी, अशी योजना हवी. जुन्या माळवदाच्या घरांत हे आपोआप साधत असे. तेथील मातीच्या जाड भिंती दिवसाची उष्णता धरून ठेवत आणि रात्री ती सावकाश सोडत, आणि वरच्या सवण्यातून कोंदट हवा बाहेर जाई. पत्र्याचे छप्पर लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते. अशा छपराखाली कडब्याच्या पेंढ्यांचा थर दिला तर पुष्कळ फरक पडतो.

करडे स्वतःही एक युक्ती करतात. ती एकमेकांना बिलगून निजतात. दोन घन एकमेकांना चिकटवले तर दोहोंची एक-एक बाजू झाकली जाते आणि उघडा पृष्ठभाग कमी होतो, तसेच हे. म्हणून एकट्या करडाला वेगळ्या कोपऱ्यात न ठेवता भावंडांबरोबर किंवा आईजवळ ठेवावे.

या साऱ्याहून मोठे औषध म्हणजे चीक. व्यालेल्या शेळीचे पहिले दाट, पिवळसर दूध ते चीक. जन्मल्यापासून तासाभराच्या आत तो करडाच्या पोटात गेला पाहिजे. पहिल्या दिवसभरात करडाच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक त्याला मिळावा. अडीच किलोच्या करडाला थोडा-थोडा करून पाव लिटर. चिकात सरपण आहेच, शिवाय रोगांशी झुंजणारी द्रव्येही आहेत. ती द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची शक्ती साधारण एका दिवसात संपते. उद्या पाजू असे म्हणून चालत नाही, ते याकरिता.

करडाला थंडी बाधली आहे हे कसे ओळखावे? पाठीची कमान करून ते एका जागी उभे राहते, ओढत नाही, कान गार लागतात. त्याच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. निरोगी करडाचे तोंड उबदार लागते. तोंड गार लागले, तर वेळ दवडू नये. अशा करडाला घाईने दूध पाजणे चूक ठरते, कारण गारठलेल्या पोटाला ते पचत नाही, आणि मान न धरणाऱ्या करडाचे दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. प्रथम त्याला कोरड्या घोंगडीत गुंडाळावे, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवावी. अंग हळूहळू उबदार झाले, ते मान उचलू लागले, म्हणजे मग अंगाच्या तापमानाचे दूध पाजावे. ते सावरत नसेल तर पशुवैद्यकाला तत्काळ दाखवावे.

कोंबडीच्या पिलांची कथा थोडी निराळी. २१ दिवसांनी अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या अंगावर पिसे नसतात, केवळ लव असते. पहिले काही दिवस त्याला आपल्या शरीराचे तापमान नीट राखताच येत नाही. खुडूक कोंबडी त्याला पंखाखाली घेते आणि तीच त्याची शेगडी होते. आई नसलेल्या पिलांसाठी डालग्याखाली विजेचा दिवा टांगतात. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब असावी आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. यासाठी जुन्या पद्धतीचा तंतूचा दिवा उपयोगी पडतो, कारण त्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो. नव्या एलईडी दिव्यात प्रकाश भरपूर असतो, परंतु पिलांना पुरेल एवढी ऊब त्यातून मिळत नाही.

दिवा किती उंच टांगावा, हे पिलेच सांगतात. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून गर्दी करत असतील आणि चिवचिवाट करत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. ती चोची उघडून भिंतीशी पळाली असतील, तर उष्णता जास्त झाली आहे. सगळी एकाच कोपऱ्यात जमली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे. आणि ती सर्वत्र पसरून दाणे टिपत असतील, तर सारे ठीक आहे. थर्मामीटर खोलीचे तापमान सांगतो, पिले स्वतःचे सांगतात.

ऊब देण्याच्या उत्साहात एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. पेटलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे जिवावर बेतते. अपुऱ्या हवेत कोळसा जळला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्याला जागही न येता मृत्यू ओढवतो. करडाला ऊब मिळावी म्हणून शेगडी आत घ्यावी आणि त्याच खोलीत मुलेही निजावीत, हा प्रकार पिलांच्या व मुलांच्या दोघांच्याही प्राणांवर येणारा आहे. गोठ्यातील वाळला कडबा एका ठिणगीने पेट घेतो, हेही ध्यानात ठेवावे. विजेचा दिवा गवतापासून हात-दीड हात दूर, पक्क्या आधाराला आणि जाळीच्या आड असावा. शेकोटी करायची ती उघड्यावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

सूर्य वर आला की निसर्ग स्वतःच शेक देतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात, वाऱ्याच्या आडोशाला करडांना तासभर बागडू द्यावे. उन्हाने त्यांचे अंग उबदार होते आणि तेवढ्या वेळात गोठ्यातील अंथरूणही उन्हात घालता येते.

लाव्हाझिएच्या पात्रातील गिनीपिगाचे पूर्वज ज्या अँडीज पर्वतात राहत, तेथील शेतकरी हजारो वर्षांपासून हा प्राणी पाळत आले आहेत. तेथे उंचीमुळे रात्री फार गार असतात. म्हणून तेथील कुटुंबे गिनीपिगांना आपल्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला ठेवत आली. आज भारतातही काही मुले हौसेने गिनीपिग पाळतात. त्यांच्यासाठीही नियम तेच : जमिनीपासून उंच ठेवलेली पेटी, कोरड्या गवताची गादी, वाऱ्याचा आडोसा आणि एका जोडीदाराची सोबत. मात्र या प्राण्याला कडक उन्हाळा सोसत नाही, हे वैरागसारख्या गावात कोणी विसरू नये.

वैरागच्या घरात चुलीपासून हातभर अंतरावर फडक्यात गुंडाळलेले करडू ठेवणारी आजी आणि सातासमुद्रापलीकडच्या पर्वतावर चुलीशी गिनीपिग ठेवणारी गृहिणी यांची कधी भेट झालेली नाही. तरीही दोघींना एकच गोष्ट उमगली. लहान जीव आपली ऊब स्वतः निर्माण करतो, परंतु ती सांभाळण्याचे बळ त्याच्या अंगी अद्याप आलेले नसते. ते बळ येईपर्यंत पुरेसे अन्न, कोरडे अंथरूण, वाऱ्याचा आडोसा आणि लक्ष देणारा एक माणूस एवढ्याची त्याला गरज असते. पहिल्या तीन गोष्टी गवत, गोणपाट आणि दुधाने साधतात. चौथीसाठी पहाटे एकदा उठून गोठ्यात कंदील घेऊन जावे लागते.

स्वाध्याय

१. थंडीच्या दिवसांत सर्वांत कडक गारठा सूर्योदयाच्या सुमारास का असतो?
२. लाव्हाझिए व लाप्लास यांनी पात्राभोवती बर्फाचा दुसरा थर का ठेवला असेल?
३. ३ सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ व घनफळ काढा आणि पाठातील दोन घनांशी तुलना करा.
४. उष्णता बाहेर जाण्याच्या चार वाटा कोणत्या? प्रत्येक वाट अडवण्याचा एक उपाय लिहा.
५. आपल्या घरी किंवा शेजारी असलेल्या पाळीव प्राण्याचे थंडीच्या दिवसांतील वागणे आठवडाभर पाहून त्याची नोंद करा.